मागे स्कूटर की मागे गाडी?



गेल्या महिन्यात मंदिरात पूजा आटोपल्यावर ओळखीच्या एका वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ताई, आमच्या ह्यांनी निवृत्तीच्या पैशातून मोटारहोम घेतलंय. आता रोज रात्री घरात एकच विषय. मागे स्कूटर टांगून न्यायची की छोटी गाडी ओढत न्यायची? तुमचं दोन्ही करून झालंय. एका वाक्यात सांगा."

मी एका शब्दात सांगितलं, "गाडी." पण घरी येईपर्यंत मनाला चुटपुट लागली. उत्तर चुकलं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते.

सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींसाठी आधी थोडं समजावते. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. त्यात शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणीघर सगळं असतं. आमच्यासारख्या जेवणाचे नियम पाळणाऱ्यांना तर हे वरदानच आहे. आपलं पीठ, आपले डबे, आपलं उकळून गाळलेलं पाणी, आणि सूर्य मावळायच्या आत आपल्या चुलीवरचं जेवण. हॉटेलात जाऊन यात कांदा आहे का, त्यात अंडं आहे का, असं विचारत बसायला नको.

पण या घराची एक गंमत आहे. कॅम्पग्राउंडवर नेऊन उभं केलं, की ते खरोखरचं घर होतं. विजेची तार जोडायची, पाण्याची नळी जोडायची, सांडपाण्याची नळी जोडायची, चाकांखाली फळ्या सरकवून घर समतल करायचं, बाहेर सरकणारी भिंत सरकवायची. आता दूध संपलं म्हणून दुकानात जायचं, तर हे सगळं सोडवायचं, कपाटं बंद करायची, ओट्यावरचं सामान आवरायचं आणि २५ फुटांचं धूड घेऊन निघायचं. परत आल्यावर पुन्हा सगळी जोडाजोड. कोथिंबिरीच्या जुडीसाठी कोणी घर हलवतं का? म्हणून बरोबर एक लहान वाहन लागतं. ते स्कूटर असावं की गाडी, हा वहिनींचा प्रश्न.

आमच्या घरी स्कूटरचा हट्ट माझा होता, हे आधीच कबूल करते. ह्यांना पहिल्यापासून गाडीच हवी होती.

मी कॉलेजात असताना सांगलीत लुना चालवायचे. पुढे लग्न झालं, शिकागोजवळ राहायला आलो आणि दुचाकी सुटली ती सुटलीच. इथे सगळा कारभार गाडीचा. तीस वर्षं मी गाडी चालवली, पण वाऱ्याला तोंड देऊन जाण्याचा तो आनंद काही परत मिळाला नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही जुनं मोटारहोम घेतलं, तेव्हा मी ठरवूनच टाकलं, मागे स्कूटर लावायची आणि ती मी चालवायची.

आमच्या इलिनॉय राज्यात १५० सीसीच्या आतल्या दुचाकीला 'एल' वर्गाचा परवाना लागतो. मी लेखी परीक्षा दिली, मैदानात चालवून दाखवली आणि पास झाले. ह्यांनी त्या वाटेला जायचंच नाकारलं. म्हणजे आमच्या घरी मी पुढे आणि हे मागे! कॅम्पग्राउंडवरच्या लोकांना त्याची फार मजा वाटायची. (प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो. कॅलिफोर्नियात ४९ सीसीच्या स्कूटरलाही मोटारसायकलचा परवाना लागतो. इलिनॉयमध्ये हेल्मेटची सक्ती नाही. आम्ही मात्र हेल्मेटशिवाय कॅम्पग्राउंडच्या फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही. कायदा सूट देतो म्हणून डोकं काही मजबूत होत नाही.)

स्कूटरच्या बाजूने

स्कूटरचे गुण खरे आहेत, ते लपवणार नाही.

पहिला गुण वजनाचा. आमची १२५ सीसीची, दोघांना बसता येईल अशी स्कूटर शंभर किलोच्या आसपास होती. मोटारहोमच्या मागच्या हिचमध्ये लोखंडी रॅक अडकवायचा, उताराच्या पट्टीवरून स्कूटर चढवायची आणि पट्ट्यांनी आवळायची. ती जमिनीला टेकत नाही, त्यामुळे तिचे टायर झिजत नाहीत, तिला वेगळे ब्रेक लागत नाहीत. मुख्य म्हणजे मोटारहोम मागे घेता येतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इथे एक सूचना मात्र कळकळीची. हिचवर दोन आकडे असतात. एक किती वजन ओढता येईल त्याचा आणि दुसरा किती वजन वरून पेलता येईल त्याचा. पुष्कळ मोटारहोमांवर ५,००० पौंड ओढायचे आणि ५०० पौंड पेलायचे असं असतं. म्हणजे ओढायला सव्वादोन हजार किलो, पण टांगायला जेमतेम सव्वादोनशे. रॅकचं स्वतःचं वजनही त्यातच मोजायचं. शिवाय हे ओझं मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. सी-सॉच्या एका टोकाला मूल बसलं की दुसरं टोक उचलतं, तसं पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होतं आणि सुकाणू सैल वाटू लागतं. म्हणून शंभर किलोची स्कूटर ठीक, पण भारी मॅक्सी-स्कूटरचा मोह नको. ४९ सीसीच्या हलक्या स्कूटर मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच एकाच माणसाच्या असतात. दोघांचा प्रवास असेल तर आसन पाहून घ्या.

दुसरा गुण आनंदाचा. साउथ डकोटात कस्टर स्टेट पार्कमधून नीडल्स हायवे नावाचा १४ मैलांचा डोंगरी रस्ता जातो. सुईसारखे उभे ग्रॅनिटचे सुळके आणि त्यांच्यामधून वळणं. त्यावर 'नीडल्स आय' नावाचा बोगदा आहे, जेमतेम आठ फूट रुंद. आमचं मोटारहोम आरसे धरून त्याहून रुंद भरतं, तिथे नेण्याचा प्रश्नच नाही. त्या रस्त्याने मी स्कूटरवरून गेले. पाइनचा वास, सावलीतला गारवा, उन्हात आलं की पाठीवर ऊब. बोगद्यात शिरल्यावर हे मागून म्हणाले, "अगं, भिंत हाताला लागतेय." साठीला टेकलेली दोन माणसं आणि कॉलेजातल्या पोरांसारखी हसत होतो. गाडीच्या काचेआडून हे मिळत नाही. आजही नाही मिळत.

स्कूटरवर नेता येत नाही ते

पण घर चालवणाऱ्या बाईने आनंदाबरोबर पिशवीही मोजायला हवी.

पार्कपासून मोठं दुकान वीस-पंचवीस मैलांवर. पाच दिवसांची भाजी, एक गॅलन दूध म्हणजे पावणेचार लिटर, फळं आणि मिळालं तर पीठ. सीटखाली हेल्मेटएवढी जागा, पायाशी एक पिशवी, आणि उरलेलं ह्यांच्या मांडीवर. परतताना वेळेचं गणित. जोराचा रस्ता टाळून आतल्या रस्त्याने यायचं, ढग आले तर आडोशाला थांबायचं, आणि तरी सूर्यास्ताच्या आत स्वयंपाक होऊन जेवण व्हायला हवं. दोनदा नुसत्या दूध-केळ्यांवर दिवस संपवला. तक्रार नाही, पण तो नियम पाळण्याचा उत्साह नव्हता, नियोजनाचा घोळ होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच पार्कच्या वाइल्डलाइफ लूप रस्त्यावर रानगव्यांसारखे ते प्रचंड बायसन आडवे आले. तिथे हजाराहून अधिक बायसनांचा कळप मोकळा फिरतो. मोठा नर ९०० किलोपर्यंत भरतो. पुढच्या मोटारी काचा वर करून निवांत उभ्या राहिल्या. मी स्कूटरवर, माझ्या आणि त्या जनावराच्या मध्ये नुसती हवा. त्याच्याशी आपलं वैर नाही, पण हे त्याला कसं कळणार? मी हळूच स्कूटर वळवली, लांब जाऊन अर्धा तास थांबले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

आणि मग ती रात्र आली.

त्या दिवशी आम्ही उन्हात पुष्कळ फिरलो होतो. स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या कमी नेल्या होत्या. संध्याकाळनंतर आम्ही दोघंही पाणी घेत नाही. रात्री अकराच्या सुमाराला ह्यांच्या कमरेत कळ उठली आणि बघता बघता माणूस जमिनीवर. घाम, उलट्या, बोलता येईना. मूतखड्याचा त्रास त्यांना एकदा आधी झालेला, त्यामुळे तेच असावं हे दोघांनाही समजलं. गावातला दवाखाना वीसेक मिनिटांवर. पण न्यायचं कशात? मोटारहोम तारा-नळ्यांनी जखडलेलं. रात्रीच्या अंधारात ते सोडवून वळणाच्या रस्त्याने चालवायची मला सवय नव्हती. स्कूटर दारात उभी होती, पण वेदनेने दुमडलेल्या माणसाला मागे कसं बसवणार? त्या क्षणी माझ्या लाडक्या स्कूटरकडे बघून मला रडू कोसळलं.

शेजारच्या मोटारहोमात सत्तरीच्या पुढच्या एक बाई एकट्याच होत्या. दिवसभरात आमचं फक्त हसण्यापुरतं नातं. माझी धावपळ ऐकून त्या रात्रीच्या गाउनवर कोट घालून बाहेर आल्या. काही विचारलं नाही. आपल्या छोट्या गाडीचं मागचं दार उघडलं, ह्यांना आडवं केलं आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. पहाटे चारपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या. ह्यांना इंजेक्शनं, सलाइन, मग आराम पडला.

(एक गोष्ट स्पष्ट लिहिते. छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, बेशुद्धी असं काही असेल तर कुठल्याही वाहनाचा विचार करू नका, सरळ ९११ फिरवा. आणि चौविहार पाळणाऱ्यांनी प्रवासात दिवसभर आठवणीने पाणी प्या. नियमात दोष नव्हता, आमच्या दिवसात होता.)

सकाळी मी त्यांना पोहे करून नेऊन दिले. तेव्हा त्या आपली गाडी मोटारहोमच्या मागे जोडत होत्या. पिना घातल्या, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची तार लावली, एकदा फेरी मारून सगळं हाताने ओढून पाहिलं. दहा-बारा मिनिटांत काम झालं. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, नवरा असताना तोच करायचा. तो गेल्यावर दोन पर्याय होते, शिकायचं किंवा घरी बसायचं.

ते वाक्य ऐकून मी गाडीच्या बाजूची झाले. स्कूटर दुबळी आहे म्हणून नव्हे. वाहन निवडताना मी फक्त मजेचा दिवस डोळ्यांपुढे धरला होता, वाईट रात्र धरली नव्हती, हे मला कळलं म्हणून.

गाडी ओढायची म्हणजे काय

आता गाडीची बाजू ऐका, कारण तीही सोपी नाही.

कुठलीही गाडी मोटारहोमला बांधून ओढता येत नाही. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढायला गाडीच्या कंपनीची तशी परवानगी असावी लागते. इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली, की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सला तेल पोचत नाही आणि तो जळून जातो. जीप रँग्लरला अशी परवानगी आहे. होंडा सीआर-व्हीला २०१४ च्या मॉडेलपर्यंत होती, पुढे गिअरबॉक्स बदलला आणि ती गेली. म्हणून आम्ही मुद्दाम २०१२ ची जुनी सीआर-व्ही शोधली. विकणारा काय म्हणतो ते ऐकू नका, त्या वर्षाचं गाडीचं पुस्तक उघडून वाचा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची दोन चाकं छोट्या डॉलीवर चढवून नेता येते. पण मग कॅम्पग्राउंडवर ती रिकामी डॉली कुठे ठेवायची, हा नवा प्रश्न.

खर्चही सांगते. गाडीच्या पुढे बसवायची लोखंडी पट्टी, ओढायचा दांडा, दिव्यांची जोडणी, पूरक ब्रेक आणि बसवणावळ मिळून आमचे साडेचार हजार डॉलर गेले, गाडीची किंमत वेगळी. स्कूटरच्या रॅकला काही शे डॉलर लागले होते. पूरक ब्रेक म्हणजे मोटारहोमने ब्रेक लावला की मागच्या गाडीचाही ब्रेक दाबणारं यंत्र. दीड हजार किलोंची गाडी मागून ढकलत असताना पुढच्या एकट्या ब्रेकांवर भरवसा ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. यात पैसे वाचवू नका.

रोजचं कामही आहे. आमच्या सीआर-व्हीला निघण्यापूर्वी इंजिन चालू करून ठरलेल्या क्रमाने गिअर बदलावे लागतात, मग न्यूट्रलमध्ये तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायचं. ताशी ६५ मैलांच्या वर जायचं नाही. कॅलिफोर्नियात तर काहीही ओढत असाल तर मर्यादा ५५ चीच आहे.

आणि आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. गाडी अशी जोडलेली असताना मोटारहोम मागे घेता येत नाही. मागच्या गाडीची पुढची चाकं वाकडी वळतात आणि दांडा मोडू शकतो. पहिल्याच प्रवासात आयोवात हे एका पेट्रोल पंपावर वळले आणि पुढे रस्ताच नव्हता. भर दुपारी सगळं सोडवायचं. गाडी तिरकी ओढली गेल्याने पिना घट्ट अडकलेल्या, मागे दोन ट्रक हॉर्न वाजवताहेत. हे माझ्याकडे बघतात, मी यांच्याकडे. शेवटी मी सीआर-व्हीत बसून ती इंचभर पुढे घेतली, तेव्हा पिन निघाली. तेव्हापासून पंपावर वळण्याआधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते मी आधी पाहते, हे मग वळतात.

पण गाडीने दिलं काय? मोंटानात ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये 'गोइंग-टू-द-सन' रस्ता आहे, १९३३ साली खुला झालेला, सुमारे ५० मैलांचा. त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहन चालत नाही. मोटारहोम खाली ठेवून आम्ही सीआर-व्हीतून ६,६४६ फुटांवरच्या लोगन पासला गेलो. वर गार पाऊस आणि झोंबरा वारा. आम्ही आत बसून घरून नेलेला खाकरा आणि चटणी खाल्ली. स्कूटर असती तर अर्ध्यातून परतलो असतो.

मर्यादा कोणी घालायची

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, मग उत्तर अर्धं कसं? गाडी म्हणजे गाडी.

नाही. गाडी आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की तिची डिकी भरायला लागली आहे. दोन जास्तीच्या खुर्च्या, कोणी दिलेला तंबू, "असू दे, लागेल" म्हणून घेतलेला पंखा, स्वस्तात मिळालेली पातेली. स्कूटर असताना घ्यायचं म्हटलं तरी जागा नव्हती. फिरणंही तसंच. स्कूटरवर दिवसाला एक ठिकाण व्हायचं. गाडी आल्यावर "इथवर आलोच आहोत तर तिथेही जाऊ" सुरू झालं. रोज शंभर मैल, आणि संध्याकाळी आठवायला बसलं तर काहीच नीट पाहिलेलं नाही.

आपल्या श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत आहेत. कुठल्या दिशेला किती जायचं याची हद्द जन्मभरासाठी घालायची, आणि त्या हद्दीतही ठरावीक काळापुरतं आणखी आखडून घ्यायचं. लहानपणी आईने सांगितलं तेव्हा मला हे व्रत जुन्या काळातल्या व्यापाऱ्यांसाठी असावं असं वाटायचं. घराला चाकं लागल्यावर त्याचा अर्थ उमजला. तिसरं अनर्थदंडव्रत. त्यात विनाकारण भटकणंही येतं, कारण चाक फिरलं की जीव चिरडले जातात, आणि मोटारहोमच्या पुढच्या काचेवर संध्याकाळी दिसणारे किडे आपल्याला ते विसरू देत नाहीत. प्रवास करणाऱ्या गृहस्थाला हे पूर्ण टाळता येणार नाही. निदान निष्कारण तरी वाढवू नये.

स्कूटर आपली मर्यादा स्वतःच घालून देते. गाडी घालत नाही, ती आपल्याला घालावी लागते. हेच ते राहिलेलं अर्धं उत्तर. गाडी घ्या, पण तिच्याबरोबर नियमही घ्या. आमचे तीन आहेत. सकाळी निघताना त्या दिवसाचे मैल बोलून ठरवायचे. डिकीत नवी वस्तू आली तर एक जुनी वस्तू देऊन टाकायची. आणि संध्याकाळ व्हायच्या आत चाक थांबलं पाहिजे. सगळेच दिवस पाळले जातात असं नाही, पण ठरवलेलं असलं की मोडल्याचं निदान कळतं.

वहिनींसाठी तीन प्रश्न

रात्री वाद घालण्याऐवजी नवरा-बायकोने समोरासमोर बसून हे तीन प्रश्न विचारावेत.

एक. हे वाहन दोघांपैकी दुसऱ्याला एकट्याने चालवता येईल का? नुसतं चालवता नव्हे, जोडता आणि सोडवताही. बऱ्याच घरांत पुरुष हे काम शिकतात आणि बायका लांबून "मागे, मागे, बस" म्हणत हात हलवतात. मी तशीच होते. आता आमच्याकडे एक दिवस हे जोडतात आणि मी तपासते, दुसऱ्या दिवशी उलट. मोटारहोमही मी रिकाम्या मैदानात शिकले आणि आता रात्री चालवू शकते. खरं सांगायचं तर त्या रात्री मला हे येत असतं, तर स्कूटर असूनही मी रडले नसते.

दोन. आजारी माणूस त्यात झोपून जाऊ शकेल का? पन्नाशीच्या पुढच्यांनी याचं उत्तर द्यायलाच हवं.

तीन. तुम्ही एका जागी किती दिवस राहणार आणि सगळं भरल्यावर वजन किती होणार? पाण्याची टाकी भरून, दोघं आत बसून, डबे-कपडे सगळं घेऊन ट्रकच्या वजनकाट्यावर एकदा जाऊन या. ४० गॅलन पाणीच दीडशे किलो होतं. दाराशी चिकटवलेल्या तक्त्यावरचे आकडे आणि काट्याची पावती शेजारी ठेवा. गाडीला जागा नसेल तर वाद तिथेच संपला.

तुमचं मोटारहोम लहान असेल, दोघंही तरुण आणि दुचाकीला सरावलेले असाल, प्रवास चार दिवसांचा आणि गाव जवळ असेल, तर स्कूटर घ्या आणि मनमुराद फिरा. मी आडवी येणार नाही, उलट थोडा हेवा करीन. आणि मुलांकडे सुट्टीवर येऊन आठवडाभर मोटारहोम भाड्याने घेणार असाल, तर दोन्ही विसरा. भाड्याच्या मोटारहोममागे गाडी ओढायला अनेक कंपन्या परवानगीच देत नाहीत. झायनसारख्या पार्कमध्ये २००० सालापासून दरीत बस फिरते, तिच्या मोसमात खाजगी वाहनांना तो रस्ता बंदच असतो. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेलाही फुकट बस आहे. वाणसामान पहिल्या दिवशी भरून घ्या आणि बसने फिरा. सर्वांत कमी परिग्रह तोच.

आमची स्कूटर मी विकली नाही, हेही सांगते. ती गॅरेजमध्ये आहे. रविवारी सकाळी मंदिरात जाताना हवा चांगली असली की मी तीच काढते. हे आपले मागून गाडीने पूजेचं सामान घेऊन येतात.

वहिनी, गाडीच घ्या. पण जोडायला पहिल्या दिवशीच तुम्ही शिका.

जय जिनेंद्र.